मागच्या विंगचा उतार

बडोद्यात मी बांधकामातल्या लोकांना कॉम्प्युटरवर इमारत उभी करायला शिकवतो. भिंती, बीम, पाण्याचे पाइप, वायरी, दारं, सगळं खऱ्या मापाचं आणि आपापल्या जागी. आमच्याकडे त्याला मॉडेल म्हणतात. वर्ग सकाळी लवकर असतो, कारण शिकणाऱ्यांना नंतर साइटवर जायचं असतं. येतात तेव्हा त्यांच्या बुटांवर कालचं सिमेंट असतं, आणि पहिले काही दिवस माऊस इतका घट्ट धरतात की जणू तो हातातून पळून जाईल.

मी खानदेशातल्या एका लहान गावात शिकलो. आमच्या शाळेत एकच कॉम्प्युटर होता, कुलूप लावलेल्या खोलीत, फुलांच्या कापडाखाली झाकलेला. त्याला हात लावल्याचं मला आठवत नाही. वडील जिनिंगमध्ये कामाला होते. घरातला पहिला पदवीधर मी, आणि ती पदवी मला या शहरानं दिली. इथल्या लोकांनी मला खोली दिली, सायकल दिली, चुकलो तिथं रागावून सांगितलं. म्हणून बडोद्याबद्दल वाईट लिहायला माझा हात धजत नाही. वडील अजून गावात सांगतात, "पोरगा बडोद्याला घरं बांधतो. फक्त त्याच्या घरात कोणाला राहता येत नाही."

पण एका वर्षी माझ्या वर्गात बसलेला एक माणूस खरोखरच त्या घरात राहायला जाणार होता.

एका बिल्डरनं आपली माणसं शिकायला पाठवली होती. सरावासाठी त्यांनी स्वतःचीच एक इमारत दिली. मांजलपूरच्या पलीकडे तिचं काम चालू होतं. दोन विंग होत्या. पुढची मोठ्या रस्त्याला लागून, खाली दुकानं आणि वर फ्लॅट. मागची विंग मागच्या अरुंद रस्त्याकडे तोंड करून, तळमजल्यापासूनच फ्लॅट. दोन्ही जोडणारा एक झाकलेला पॅसेज. मागच्या रस्त्याच्या पलीकडे कांस होती. बडोद्यात पावसाळी नाल्याला कांस म्हणतात.

आलेल्यांत एक ड्राफ्ट्समन होते. वयानं माझ्या वडिलांच्या जवळचे. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणायचो, आणि ते मला न चुकता सर म्हणायचे. बडोद्याच्या वाडी भागातल्या जुन्या मराठी घरातले. तरुणपणी बोर्डावर शाईनं नकाशे काढलेले, मग कॉम्प्युटरवर रेघा मारायला शिकलेले, आणि आता निवृत्तीच्या तोंडावर हे तिसरं शिक्षण.

"एका जन्मात तीन वेळा पहिलीत बसलो," ते म्हणायचे. "पास मात्र कोणी करत नाही."

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला पडद्यावर मागच्या विंगचा तळमजला दाखवला. कोपऱ्यातला फ्लॅट त्यांनी स्वतःसाठी घेतला होता. त्यांच्या बायकोला अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, डावी बाजू चालत नव्हती. वाडीतलं त्यांचं घर वरच्या मजल्यावर, जिना अंधारा आणि उभा. झटका आल्यावर दवाखान्यातून त्यांना खुर्चीत बसवून चौघांनी वर चढवलं होतं. त्यानंतर त्या खाली आल्या नव्हत्या. आता तो भाग भावाचे मुलगे पाडून नव्यानं बांधणार होते, त्यामुळे काकांना घर सोडायचंच होतं. तळमजल्याचा फ्लॅट हवा, एवढीच त्यांची अट होती, आणि तळमजल्यावर फ्लॅट होते ते फक्त मागच्या विंगला. त्या विंगला लिफ्ट नव्हती.

"खुर्ची दारातून सरळ बाहेर," काका म्हणाले. "झाडाखाली. आणखी काय पाहिजे माणसाला?"

मी फर्निचर शिकवायच्या आधीच त्यांनी स्वतः शोधून त्या फ्लॅटमध्ये सामान लावलं होतं. खिडकीशी पलंग. पलंगाशेजारी चाकाची खुर्ची. शिलाई मशीन मिळालं नाही म्हणून टेबलावर एक ठोकळा ठेवून त्याला शिलाई मशीन असं नाव दिलेलं. बाकी इमारतीत कुठं एक खुर्चीसुद्धा नव्हती. रिकाम्या, करड्या इमारतीच्या कोपऱ्यात ती एकच खोली मांडलेली. मला ते पाहून बरं वाटलं, आणि का कोण जाणे, थोडं कसंतरीही वाटलं. एवढ्या लवकर सामान मांडू नये असं आमच्या घरी आई म्हणायची.

काम मी वाटून दिलं होतं. पुढची विंग काकांची. मागची विंग साइटवरच्या एका तरुण गुजराती इंजिनिअरची, कारण तिथलं काम तोच बघत होता. मग दोन्ही मॉडेलं एकत्र जोडायची आणि कॉम्प्युटरला विचारायचं की कुठं काय काय एकमेकांत घुसतंय. पाइप बीममधून जातो, दार कॉलमवर आपटतं, अशा जागा तो लाल करून दाखवतो. पहिल्यांदा जोडलेल्या मॉडेलमध्ये शेकड्यांनी लाल जागा निघतात. त्या निघायलाच हव्यात. त्यासाठीच तर हे सगळं आहे.

त्या सकाळी काकांनी मला हाक मारली. पडद्यावर एकही लाल जागा नव्हती.

"शून्य," ते म्हणाले. "आता तरी पास करा."

"काका, शून्य कसं आलं?"

"काळजीपूर्वक काम केलं म्हणून आलं."

तरुण इंजिनिअर मागून म्हणाला, "सर, माझी विंग काकांनी उचलून बसवली."

"बसवणार नाही तर काय? याची विंग पुढच्यापेक्षा खाली लोंबत होती. पॅसेजचा स्लॅब जुळत नव्हता. म्हटलं, लेव्हल वाचायला चुकला असेल. वर घेतली, बसली."

"चुकलो नव्हतो, काका."

"अल्या, माझ्या नोकरीएवढं तुझं वय नाही."

वर्ग हसला. मीही हसलो असेन. नजरेनं बसवणं ही या धंद्यातली जुनी सवय आहे. कागदावर दोन रेघा जुळल्या नाहीत की एक थोडी सरकवायची, साइटवाले बघून घेतात. मी दर तुकडीला पहिल्या दिवशी सांगतो की मॉडेल हातानं सरकवायचं नाही, आणि दर तुकडीत कोणीतरी सरकवतंच. तेव्हा मी एवढंच म्हणालो की उद्या साइटवर जाऊन बघू. पण दिवसभर ते शून्य माझ्या डोळ्यांपुढून हलेना. अजून प्लास्टरही न झालेल्या इमारतीला इतकं निवांत शून्य येत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग साइटवर गेला. सोबत लेव्हल मोजायचं यंत्र, त्याची तिकाटी आणि उंच पट्टी. पुढची विंग मॉडेलप्रमाणे होती. मग आम्ही पॅसेजमध्ये शिरलो. काका पुढे होते. अर्ध्यावर थांबून त्यांनी पायाखाली हात दाखवला.

"हे बघा, सर. इथं आधी पायऱ्या होत्या. मी बिल्डर साहेबांना म्हटलं, घरी खुर्ची आहे. दुसऱ्या दिवशी पायऱ्या फोडून उतार करून दिला. अशी माणसं मिळत नाहीत."

त्यांचा आवाज भरून आला होता. कोणी आपल्यासाठी काही केलं की माझंही असंच होतं, म्हणून मला ते ओळखीचं वाटलं. मी "खरंच" म्हणालो आणि खाली बघितलं. उतार नीट केला होता, चाक घसरू नये म्हणून खाचा पाडल्या होत्या. तो पुढच्या विंगकडून मागच्या विंगकडे उतरत होता.

मॉडेलमध्ये तो पॅसेज सपाट होता.

तरुण इंजिनिअर माझ्याकडे बघत होता. त्यानं न सांगता तिकाटी उभी केली, पट्टी मागच्या विंगच्या दारात धरायला एकाला पाठवलं आणि यंत्राला डोळा लावला. त्याचा आकडा आणि त्याच्या मॉडेलचा आकडा एकच होता. मागची विंग जवळजवळ कमरेएवढी खाली होती.

"असं कसं?" काका म्हणाले. "नकाशा मी काढलाय. रस्त्यापासून जोतं दोन फूट वर. पुढेही तेच, मागेही तेच."

"रस्त्यापासूनच आहे, काका," इंजिनिअर हळू म्हणाला. "मागच्या रस्त्यापासून."

काका मागच्या रस्त्याकडे वळले. तो कांसेच्या बाजूला कललेला होता, साध्या डोळ्यांनाही दिसत होतं.

"रस्ता म्हणजे रस्ता," ते म्हणाले. "कुठला, ते कोण लिहितं नकाशावर?"

खरोखर कोणी लिहीत नाही. त्यांच्या साहेबांनी लिहिलं नव्हतं, त्यांच्या साहेबांच्या साहेबांनीही नाही. पुढची विंग आधी झाली, मागची नंतर, आणि खड्डा खणणाऱ्यांनी जवळचा रस्ता धरला. दोन्ही कागद वेगवेगळे बघितले तर दोन्ही बरोबर होते.

निघताना मी शेजारच्या जुन्या सोसायटीच्या आवारात गेलो. मागच्या मोठ्या पुरात इथं पाणी शिरलं होतं हे सगळ्यांना माहीत होतं. भिंती नंतर रंगवल्या होत्या, पण मीटरच्या खोलीत कोणी रंग लावला नव्हता. तिथं चिखलाची रेघ सरळ, फूटपट्टीनं मारल्यासारखी, चारही भिंतींवर फिरली होती. मी पट्टी रेघेला लावली. इंजिनिअरनं आकडा वाचला आणि कोणाला न सांगता हातावर लिहिला.

पुढच्या सकाळी वर्गात मी मागची विंग तिच्या खऱ्या लेव्हलला सोडली. पडद्यावर ती इमारत एका क्षणात खाली बसली. लाल जागा पॅसेजभर पसरल्या. मी पुढचा धडा सुरू करणार होतो, तेवढ्यात काका म्हणाले, "सर, यात पाणी दाखवता येतं का?"

"येतं. पण आज..."

"दाखवा ना. शिकायलाच आलोय."

मी एक सपाट निळा थर घेतला, त्याला मीटरच्या खोलीतल्या रेघेची उंची दिली आणि संपूर्ण जागेवर पसरला. बाहेरून काही भयंकर दिसलं नाही. इमारत एखाद्या तळ्यात उभी असावी तशी दिसत होती. मग काकांनी माझ्या हातातला माऊस घेतला. इतक्या दिवसांत त्यांची बोटं सैल झाली होती. त्यांनी इमारत उभी कापली, कोपऱ्यातला फ्लॅट उघडला आणि आत गेले.

निळा थर खिडकीच्या खालच्या चौकटीला टेकला होता. खुर्ची त्याखाली होती. शिलाई मशीनच्या ठोकळ्याचा वरचा भाग बाहेर. पलंग दिसत नव्हता.

"यात पाण्याला सरकवता येतं का?" काकांनी विचारलं. कोणाला हसावं की नाही कळलं नाही.

तरुण इंजिनिअर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अरे काका, पाणी तो आखा वडोदरामां भराय छे."

"वाडीत नाही भरत," काका म्हणाले. "आमच्या गल्लीत, पोळात, कधीच नाही."

मी बिल्डरच्या मॅनेजरांना भेटलो. मोठी माणसं माझ्याशी आदरानं बोलली की मला अजून अवघडल्यासारखं होतं, आणि ते फार आदरानं बोलले. चहा मागवला. मी लॅपटॉप उघडून दाखवलं. त्यांनी लक्ष देऊन बघितलं.

"सर, दोनों विंग का प्लिंथ रूल के हिसाब से है," ते म्हणाले. "आप चेक करवा लीजिए."

मी खरंच चेक करून घेतलं. महापालिकेच्या नियमांतलं कळणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं. तोही तेच म्हणाला. रस्त्यापासून ठरलेली उंची आहे, रस्ता कुठला ते नियमात नाही.

मॅनेजर मला दारापर्यंत सोडायला आले. "आपका ट्रेनिंग बहुत अच्छा चल रहा है. बस, मॉडल ठीक करवा लीजिए. बुकिंगवालों को स्क्रीन पर दिखाना है, बीच में वो गड्ढा अच्छा नहीं लगता."

मॉडेल ठीक करायचं काम काकांकडेच आलं. मी त्यांना म्हणालो की मी नाही म्हणून कळवतो. ते म्हणाले, "तुम्ही नाही म्हणाल, तर दुसरा कोणी करेल. मला निवृत्तीपर्यंत तिथंच बसायचंय, सर." आणि माझ्यासमोर त्यांनी मागची विंग पुन्हा वर घेतली. पॅसेज सपाट झाला. लाल जागा गेल्या. काही दिवसांनी साइटच्या ऑफिसात मोठा पडदा लागला आणि त्यावर ती इमारत फिरू लागली, दोन्ही विंग एका पातळीत, मागं हिरवळ. कांस त्यात नव्हतीच. मी त्या बाजूनं गेलो की मुद्दाम आत डोकावायचो. पडद्यावरची इमारत बघून माणसं खुर्च्यांवर बसलेली असायची, आणि काचेतून मागं खरी इमारत दिसायची.

काकांनी तळमजल्यावर बुकिंग केलेल्या दोन घरांना फोन करून सांगितलं. एकानं आभार मानले आणि काही केलं नाही. दुसऱ्यानं विचारलं की तुमचा फ्लॅट स्वस्तात विकायचा आहे का. काकांनी स्वतःच्या फ्लॅटमध्ये भर घालून फरशी उंच करता येईल का, असंही विचारलं, पण दारांची उंची आणि संडासाचे पाइप आधीच बसले होते. साइटवाल्यांनी उंबऱ्यावर एक दगड जास्त बसवून दिला.

"वाडीतच दुसरीकडे भाड्यानं खाली एखादी खोली बघा," मी म्हणालो.

"बघितली. खाली दुकानं आहेत नाहीतर गोदामं. खुर्ची वळेल एवढी एक खोली नाही." मग ते म्हणाले, "आणि हिला मी सांगून बसलोय झाडाचं."

अभ्यासक्रमाच्या शेवटच्या आठवड्यात ते सगळ्यांच्या आधी येऊन बसायचे. त्यांच्याकडे खऱ्या लेव्हलचं मॉडेल वेगळं ठेवलेलं होतं, निळ्या थरासकट. त्यात ते पलंगाचे पाय वाढवत होते. वाढवायचे, मग कॉम्प्युटरला विचारायचे. पलंग आणि पाणी एकमेकांत घुसतात का? लाल. आणखी थोडे वाढवायचे. लाल. एका सकाळी मी आत आलो तेव्हा ते हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसले होते.

"शून्य आलं," ते म्हणाले. या वेळी पास करा म्हणाले नाहीत.

त्या मापाचा पलंग त्यांनी वाडीतल्या सुताराकडून करून घेतला.

उन्हाळा संपत आला असताना त्यांनी वास्तूला बोलावलं. मी पोचलो आणि रिक्षातून काकूही तेव्हाच उतरल्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होतो. बारीक, गोऱ्या, उजव्या हातात मोगऱ्याचा गजरा धरलेला, कारण केसांत माळायला दुसरा हात चालत नव्हता. इतक्या दिवसांनी उघड्यावर आल्यामुळे डोळे बारीक करून सगळीकडे बघत होत्या. काकांनी त्यांना खुर्चीत बसवलं.

"हे सर," काका म्हणाले. "मला शिकवतात."

"शिकले का काही?" काकूंनी मला विचारलं. झटक्यानंतर त्यांचे शब्द जरा जड येत होते, पण कळत होते.

"वर्गात पहिले आले, काकू."

"घरात तर अजून नापासच आहेत."

पॅसेजच्या उतारावर खुर्ची आली तशी ती सुटल्यासारखी पुढं गेली. काकांनी दोन्ही हातांनी मागून ओढून धरली. त्यांचे खांदे वर आले. काकू मात्र खूष झाल्या.

"बघा, ढकलावी पण नाही लागत," त्या म्हणाल्या. "आपोआप जाते."

उंबऱ्यावरच्या जादा दगडासाठी काकांनी लाकडी फळी करून ठेवली होती. ती टाकून खुर्ची आत घेतली. खोली मी अनेकदा पाहिलेली होती. खिडकी त्याच जागी, टेबलावर शिलाई मशीन, आता खरं. आणि पलंग. तो खिडकीच्या खालच्या चौकटीच्याही वर आला होता. चढायला तीन पायऱ्यांची लाकडी शिडी लावलेली.

काकूंनी मान वर केली.

"हा पलंग आहे का माळा?"

"खाली सामान ठेवायला बरं," काका म्हणाले. "जागा वाचते."

"आणि मला वर कोण ठेवणार? सामानाबरोबर मी पण खालीच बरी."

जमलेले हसले. काकांच्या वहिनी म्हणाल्या की सुताराचं डोकं फिरलंय, पाय कापून घ्या. काका म्हणाले, बघू. मग चौघांनी मिळून काकूंना वर बसवून बघितलं. त्या उशीला टेकून खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर कडुनिंबाचं झाड होतं, त्यापलीकडे शेजारच्या सोसायटीची भिंत, खालून कमरेपर्यंत एका रंगाची, वर दुसऱ्या.

"हवा छान आहे इथून," त्या म्हणाल्या. "राहू दे. कापू नका."

मी जेवलो. श्रीखंड होतं, बटाट्याची भाजी होती. निघताना काकूंच्या पाया पडायला गेलो तर त्यांचे पाय माझ्या छातीच्या उंचीवर होते. "घाईतच आलात, निरांते बसला नाहीत," त्या म्हणाल्या. "पावसात या. झाड हिरवं होईल."

काका मला सोडायला पॅसेजपर्यंत आले. मी त्यांना म्हणालो की दिवस असो, रात्र असो, मला फोन करा, मी मांजलपुरातच राहतो, गाडीवर लगेच येतो. ते हो म्हणाले. मग म्हणाले, "सर, ती रेघ आपण मागच्या पुराचीच धरली ना?"

"हो."

त्यांनी मान हलवली. "आवजो," म्हणाले आणि फळीवरून आत गेले.

मी पॅसेजमधून निघालो. येताना खुर्चीच्या मागं होतो म्हणून लक्षात आलं नव्हतं. जाताना तो चढ पायांना लागला.